कॉस्टिकने धुतल्या जाणाऱ्या मशीनचं कंट्रोल पॅनेल: फिल्म, प्लेट आणि बटणं कशाची घ्यावी?

धुलाई_यंत्र

मशीन क्रेट आणि ट्रे धुण्याचं आहे. आत दीड ते दोन टक्के कॉस्टिक सोड्याचं (तीव्र अल्कली) द्रावण ७० अंश सेल्सिअसला फिरतं, मग साध्या गरम पाण्याने खंगाळणं. शिफ्ट संपली की मशीन बाहेरूनही पाइपच्या फवाऱ्याने धुतलं जातं, कंट्रोल पॅनेलसकट.

पॅनेलची आत्ताची रचना: माइल्ड स्टीलचं १.६ मिमी दार, त्यावर टेक्स्चर फिनिशचं पावडर कोटिंग. समोर ३०० बाय २०० मिमीचा मेम्ब्रेन कीपॅड (पातळ फिल्मच्या थरांत बसवलेली चपटी बटणं). वरची फिल्म पॉलिकार्बोनेटची, ०.२५ मिमी. आठ बटणं (स्टार्ट-स्टॉप त्यातच), सगळी फुगीर उठावाची. चार ओळींच्या डिस्प्लेसाठी पारदर्शक खिडकी. इमर्जन्सी स्टॉप वेगळा, पॅनेलच्या खाली. बटणांच्या तारा सरळ पीएलसीच्या (मशीन चालवणारा कंट्रोलर) २४ व्होल्ट इनपुटला.

वर्षाच्या आत दिसलेले दोष:

स्टार्ट बटणाच्या उठावाच्या कडेने फिल्मला अर्धगोल चीर गेली. बाकीची बटणं शाबूत. खिडकी धुरकट झाली. खालचे दोन्ही कोपरे सुटून वर आले. आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे मशीन बंद असताना 'पुढे' हे बटण आपोआप दाबल्यासारखं दिसतं. दुपारनंतर कमी होतं, सकाळी पुन्हा येतं.

नवीन पॅनेल बनवायचं आहे. पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम, स्टेनलेस असे पर्याय समोर आहेत. नेमकं काय घ्यावं आणि ऑर्डर देताना काय काय लिहून द्यावं?

---

थर_आणि_शाई

दोष छान सुटे सुटे करून लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणं सोपं आहे. यातले दोन फिल्मचे आहेत, एक गोंदाचा आणि एक सर्किटचा. नुसती फिल्म बदलून चारही जाणार नाहीत.

आधी चीर. पॉलिकार्बोनेट छापायला आणि उठाव द्यायला फार सोयीचं, म्हणून सर्रास वापरतात. पण वारंवार वाकणं त्याला सोसत नाही. एकाच जागी लाखभर दाबांच्या आसपास ते थकतं, आणि फुगीर उठावाच्या बुडाशी जिथे वाक सर्वांत तीव्र असतो तिथेच चीर सुरू होते. स्टार्ट सगळ्यात जास्त दाबलं जातं, म्हणून तेच आधी गेलं. त्यात कॉस्टिक. पॉलिकार्बोनेटची साखळी अल्कलीने तुटते, आणि गरम अल्कलीने लवकर तुटते. ताण असलेल्या जागी रसायन लागलं की चीर पडायला दाबांची पूर्ण संख्याही लागत नाही. खिडकी धुरकट होण्याचं कारणही हेच आहे. तिथला पृष्ठभाग अल्कलीने खाल्ला गेलाय, पुसून तो परत येणार नाही.

तुमच्या कामाला पॉलिएस्टर फिल्म, हार्डकोट (वरचा कठीण संरक्षक थर) असलेली, ०.२ मिमी. पॉलिएस्टर दहा लाखांच्या वर दाब झेलतं, कारण फिल्म बनवतानाच दोन्ही दिशांना ताणलेली असते. तेलं, अल्कोहोल, बहुतेक सॉल्व्हंट आणि पातळ अल्कली यांना ती टिकते.

'पातळ' हा शब्द मात्र जपून वाचा. तीव्र आणि गरम कॉस्टिक पॉलिएस्टरलाही खातं. आत दोन टक्के असलं तरी बाहेर उडालेला थेंब पॅनेलवर सुकतो. पाणी उडून जातं, कॉस्टिक तिथेच राहतं, आणि त्या थेंबाची तीव्रता सुकता सुकता कित्येक पट वाढते. पांढरे गोल डाग दिसत असतील तर ते हेच. म्हणून शिफ्ट संपताना पॅनेल साध्या पाण्याने धुऊन पुसायचं, ही सूचना मशीनच्या पुस्तिकेत यायला हवी. हार्डकोट वेळ काढून देतो, पण सुकलेल्या कॉस्टिकशी रोज लढू शकत नाही.

उठावाबद्दल: बटणाचा पूर्ण घुमट फुगवू नका. बटणाच्या कडेने फक्त रेघेसारखा उठाव घ्या, मधला भाग सपाट ठेवा. बोटाला बटणाची हद्द कळते, आणि दाबल्यावर वाक एका रेषेवर न पडता मोठ्या भागावर पसरतो. टिचकीसारखा दाब जाणवायला हवा असेल तर तो खालच्या धातूच्या डोमकडून (दाबलं की टिचकन लवणारी फुगीर चकती) घ्या, फिल्मकडून नको. स्टेनलेसचे १२ मिमी डोम, ३०० ते ४०० ग्रॅम दाबाचे, हातमोजे घालून काम करणाऱ्यांना बरे पडतात. बटणाचा चौकोन २० मिमी आणि दोन बटणांत निदान ६ मिमी अंतर ठेवा.

छपाई फिल्मच्या मागच्या बाजूने, म्हणजे उलटी. अक्षरं पुढून फिल्मच्या पूर्ण जाडीने झाकलेली राहतात, कितीही घासा. पुढून छापलेली अक्षरं ब्रशने धुणाऱ्या जागी काही महिन्यांत पुसली जातात. खिडकीच्या भागात शाई नको आणि गोंदही नको. डिस्प्लेवर गोंदाचा थर आला की बुडबुडे दिसतात. मॅट टेक्स्चरही खिडकीपुरतं वगळायला सांगा, नाहीतर डिस्प्ले फिल्मपासून ५-६ मिमी मागे गेला तरी आकडे पसरट दिसतात.

---

पत्राकाम

कोपरे का सुटले ते टेक्स्चर पावडर कोटिंगवर लिहिलेलं आहे.

त्या पृष्ठभागावर नख फिरवून बघा, संत्र्याच्या सालीसारखे उंचवटे लागतील. गोंद फक्त उंचवट्यांच्या माथ्यांना चिकटतो, मधल्या दऱ्या रिकाम्या राहतात. फवाऱ्याचं पाणी कडेवरून त्या दऱ्यांतून आत शिरतं. खालचेच कोपरे सुटले, कारण पाणी ओघळून तिथे थांबतं. शिवाय पावडर कोटिंगचा पृष्ठभाग कमी ऊर्जेचा असतो. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, पसरला नाही आणि मण्यासारखा उभा राहिला तर साधा ॲक्रिलिक गोंद तिथे नीट धरणार नाही.

दार बदलणार असाल तर स्टेनलेस घ्या. कॉस्टिकला ३०४ पुरतं. पण निर्जंतुकीकरणासाठी कधीमधी ब्लीच किंवा हायपो (हायपोक्लोराइट) वापरत असाल तर ३१६ घ्या. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडने पडणाऱ्या खड्ड्यांना रोखतं. ३१६ सुद्धा हायपोचं द्रावण सुकू दिलं तर डागतं, त्यामुळे धुण्याची सूचना तिलाही लागू आहे. जाडी २ मिमी. १.६ मध्ये ३०० मिमीच्या पट्ट्यावर बटण दाबताना पत्रा लवतो, आणि तो लवला की फिल्मचा गोंद दर दाबाला सोलला जातो. कंपनीचं नाव किंवा खुणा लेसरने कोरायच्या असतील तर फिल्मखाली झाकल्या जाणाऱ्या जागी कोरू द्या. उघड्या जागी लेसरच्या उष्णतेने वरचा संरक्षक थर बिघडतो आणि पहिला गंज त्या अक्षरांतच दिसतो.

ॲल्युमिनियमचा विचार इथे सोडा. ॲनोडायझिंग कितीही जाड असलं तरी कॉस्टिक ते विरघळवतं आणि मग खालचा धातू खायला लागतं. पॅनेल कामात ॲल्युमिनियम उत्तम, पण अल्कली असेल तिथे मुळीच नाही.

गोंद: सपाट ब्रश फिनिश स्टेनलेसवर थ्रीएमचा ४६८एमपी किंवा तशाच प्रकारचा ०.१३ मिमी ॲक्रिलिक चालतो. ०.०५ मिमीचा पातळ प्रकार ब्रश फिनिशच्या रेषा भरून काढत नाही. जुनंच दार वापरायचं असेल तर आधी त्या भागातलं टेक्स्चर घासून सपाट करा आणि गोंद कमी ऊर्जेच्या पृष्ठभागांसाठीचा घ्या, थ्रीएममध्ये ३००एलएसई मालिका.

चिकटवण्याचं काम घाईत होतं आणि तिथेच बिघडतं, म्हणून क्रमाने लिहितो.

पत्र्यावरचं कटिंग ऑइल आधी साबणाच्या पाण्याने काढा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं, धागे न सोडणाऱ्या कापडाने एकाच दिशेने पुसा. कापड पुढे-मागे फिरवलं तर काढलेलं तेल परत पसरतं. सुकू द्या. पत्रा आणि कीपॅड दोन्ही खोलीच्या तापमानाला हवेत. १० अंशांखाली गोंद कडक असतो, दाबूनही पत्र्यात मुरत नाही.

कीपॅडची टेल (मागून निघणारी तारांची चपटी पट्टी) खाचेतून आधी ओवा. मग मागचा कागद वरून फक्त २०-२५ मिमी सोला, वरची कड जुळवा, आणि कागद हळूहळू खाली ओढत रबरी रोलरने मधून कडेकडे दाबत या. सगळा कागद एकदम काढून कीपॅड हातात धरून लावला की बुडबुडा अडकतोच. एकदा टेकवल्यावर उचलून परत लावायचा नाही. तसं केलं तर धातूचे डोम वाकतात आणि एखादं बटण कायमचं मेलेलं निघतं.

पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. पहिल्या दिवशी फवारा मारला तर वरचे सगळे कष्ट वाया जातील.

दाराचे आणि कीपॅडचेही कोपरे गोल हवेत, निदान ५ मिमी त्रिज्येचे. काटकोनी कोपऱ्यावर सोलण्याचा सगळा ताण एका टोकाला येतो.

---

सर्किट_टेल

सकाळी दिसणारं आणि दुपारी जाणारं 'भुताटकी'चं बटण म्हणजे ओलावा, आणि बहुधा त्यामागून आलेलं चांदीचं स्थलांतर.

मेम्ब्रेनच्या आतल्या पट्ट्या चांदीच्या शाईने छापलेल्या असतात. ओलावा आणि सतत डीसी व्होल्टेज एकत्र आले की धन बाजूची चांदी विरघळून ऋण बाजूकडे सरकते आणि तिथून तिचे फांद्यांसारखे बारीक धागे परत धन बाजूकडे वाढू लागतात. धागा समोर टेकला की बटण दाबल्यासारखं होतं. तुमच्याकडे पीएलसीचे २४ व्होल्ट रात्रंदिवस त्या पट्ट्यांवर उभे आहेत, म्हणजे या प्रकाराला सर्वांत पोषक अवस्था. मशीन रात्री थंड होतं, आतल्या हवेतलं बाष्प पट्ट्यांवर बसतं, दुपारी सुकतं. बटणाचं वेळापत्रक त्याच्याशी तंतोतंत जुळतंय.

खात्री करायची असेल तर टेल पीएलसीपासून सोडवा आणि सकाळी, मशीन गरम होण्याआधी, मल्टिमीटरने मोजा. न दाबलेल्या बटणाचा रोध १० मेगाओमच्या वर हवा, दाबलेल्याचा १०० ओमच्या आत. न दाबता काही किलोओम दिसले तर निदान पक्कं. मेगर (उच्च व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारा मीटर) चुकूनही लावू नका. मेम्ब्रेन कमी व्होल्टेजसाठी बनलेला असतो, ५०० व्होल्टने चांगली बटणंही जळतील.

नव्या कीपॅडमध्ये हे मागा:

चांदीच्या पट्ट्यांवर कार्बन शाईचा झाकथर, आणि दोन पट्ट्यांत जागा असेल तेवढं अंतर. टेलमध्ये समाईक तार आणि सिग्नलच्या तारा शेजारी न ठेवता मध्ये एक जागा मोकळी. बटणं सरळ पीएलसीला न देता मध्ये ५ व्होल्टचं छोटं कीपॅड कार्ड, जे बटणं क्षणभरच्या पल्सने तपासतं. सतत व्होल्टेज नाही म्हणजे स्थलांतराचा मुख्य आधारच जातो.

आता पाणी आत कुठून येतं. मेम्ब्रेनच्या स्पेसर थरात (वरच्या-खालच्या सर्किटांमधला थर) हवेसाठी बारीक वाटा कोरलेल्या असतात. बटण दाबलं की डोमखालची हवा शेजारच्या बटणाखाली जावी, म्हणून. काही कीपॅडमध्ये या वाटा थेट बाहेरच्या कडेला उघडतात. दरवेळी बोट सुटलं की डोम वर येतो आणि कडेवरचं पाणी पिचकारीसारखं आत ओढतो. आराखड्यात 'हवेच्या वाटा फक्त बटणाबटणांत, कडेला बंद' असं स्पष्ट लिहा. सर्किटचे थर वरच्या फिल्मपेक्षा चारी बाजूंनी ६ मिमी लहान ठेवा आणि ती जागा तेवढ्याच जाडीच्या भरणीपट्टीने व गोंदाने भरायला सांगा. मग सर्किटची उघडी कड बाहेर दिसतच नाही.

टेलची खाच सर्किटच्या हद्दीत, कडेपासून निदान १० मिमी आत. खाचेच्या धारा गुळगुळीत करा. टेलला घडी घालू नका, पेन्सिलभोवती गुंडाळल्यासारखी गोलाई द्या. घडीवर चांदीची शाई तडकते, मल्टिमीटरवर ठीक दिसते आणि दार उघडलं की बटण बंद पडतं.

---

बावीस_मिमी

वरचं सगळं पटतं, एक सोडून. स्टार्ट-स्टॉप मेम्ब्रेनवर ठेवूच नका.

पाणी, कॉस्टिक आणि हातमोजे एकत्र असलेल्या जागी रोज सर्वांत जास्त दाबली जाणारी दोन बटणं २२ मिमीची स्वतंत्र यांत्रिक घ्या, आयपी ६६ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी) किंवा त्यावरची. खराब झालं तर एक बटण बदलतं, अख्खं कीपॅड नाही. मेम्ब्रेन सेटिंगच्या बटणांपुरता ठेवा, तिथे तो खरंच चांगला आहे.

रंग आयईसी ६०२०४-१ (मशीनच्या विद्युत सुरक्षेचं मानक) प्रमाणे: स्टार्टसाठी पांढरा पसंतीचा, हिरवा चालतो, लाल चालत नाही. स्टॉपसाठी काळा पसंतीचा, लाल चालतो, हिरवा नाही. रीसेट निळा. इमर्जन्सी स्टॉपचं डोकं लाल, पार्श्वभूमी पिवळी, दाबल्यावर अडकून राहणारा, आणि संपर्क थेट जबरदस्तीने उघडणारा. तो कधीही मेम्ब्रेनमध्ये किंवा टचस्क्रीनवर येऊ शकत नाही. आयएसओ १३८५० मध्ये त्याची उंची उभं राहण्याच्या पातळीपासून ०.६ ते १.७ मीटर दिली आहे. 'पॅनेलच्या खाली' लिहिलंय म्हणून ही उंची मोजून घ्या.

भोक २२.३ मिमी, अधिक ०.४ पर्यंत सूट. सोबत ३.२ मिमी रुंदीची खाच, बटण फिरू नये म्हणून. ही खाच आळसाने टाळली जाते आणि मग बटण मागच्या तारांसकट गरगर फिरतं. दोन बटणांत आडवं ३० आणि उभं ५० मिमी केंद्र-ते-केंद्र अंतर धरा, म्हणजे मागचे संपर्क ब्लॉक आणि स्क्रू ड्रायव्हर दोन्ही मावतात.

फिल्ममधून यांत्रिक बटण जात असेल तर फिल्मचं भोक बटणाच्या बाहेरच्या कड्यापेक्षा मोठं कापा. कडं साधारण ३० मिमी असेल तर फिल्म ३२ मिमीची. बटणाचं रबर थेट स्टेनलेसवर बसायला हवं. ते फिल्मवर बसलं तर नट आवळताना फिल्म पिळवटते आणि तिथूनच पाणी शिरतं.

आयपीचे आकडेही नीट वाचा. आयपी ६५ म्हणजे ६.३ मिमी नोझलने मिनिटाला १२.५ लिटर. आयपी ६६ म्हणजे १२.५ मिमी नोझलने मिनिटाला १०० लिटर. उच्च दाबाचा पंप वापरत असाल तर ती गोष्टच वेगळी: आयपी ६९के ची चाचणी ८० अंशांच्या पाण्याने, ८० ते १०० बार दाबाने, १०० ते १५० मिमी अंतरावरून होते. त्या माऱ्यात चिकटवलेल्या फिल्मची उघडी कड उचलली जातेच. तिथे एकतर प्लेटमध्ये खोबण काढून फिल्म पृष्ठभागाशी समतल बसवावी लागते, किंवा स्टेनलेसची पिएझो बटणं घ्यावी लागतात. पिएझोत हलणारा भागच नसतो, वरचा धातू काही मायक्रॉन दबतो तेवढाच. कॅपॅसिटिव्ह टच मात्र नको. ओघळणाऱ्या पाण्याला ते बोट समजतं.

---

धुलाई_यंत्र

सगळ्यांचे आभार. सकाळी मोजलं: 'पुढे' बटण न दाबता ४० किलोओम, दुपारी ३ मेगाओम. म्हणजे निदान बरोबर आहे.

फवारा साध्या पाइपचा आहे, उच्च दाबाचा पंप नाही. हायपो महिन्यातून एकदा वापरतात, म्हणून ३१६ घेतो. स्टार्ट-स्टॉप वेगळे करतो. इमर्जन्सी स्टॉप मोजला तर ५२० मिमीवर निघाला, तो वर घेतोय.

दोन प्रश्न राहिले. थर समतल बसवण्यासाठी खोबण किती खोल? आणि याच मशीनला पाणी पुरवणारा पंप बाहेर उन्हात आहे. तिथे कॉस्टिक नाही, फक्त ऊन-पाऊस. त्याच्या छोट्या पॅनेललाही हीच पॉलिएस्टर फिल्म चालेल का?

---

थर_आणि_शाई

खोबणीचा हिशेब थर मोजून करा: वरची फिल्म ०.२, तिच्याखालचा गोंद ०.१३, वरचं सर्किट ०.१२५, स्पेसर ०.२, खालचं सर्किट ०.१२५, मागचा गोंद ०.१३. एकूण ०.९१ मिमी. बनवणाऱ्याचे थर थोडे वेगळे असतील, म्हणून खोबण त्याच्या आकड्यांवरून ठरवा, आधी कापून ठेवू नका. फिल्म प्लेटपेक्षा ०.१ मिमी खाली राहिली तर चालते, वर राहिली तर खोबणीचा फायदा गेला. २ मिमी पत्र्यात इतकी खोल खोबण काढली तर खाली जेमतेम १ मिमी उरतो. त्यासाठी ३ मिमी प्लेट लागेल. तुमच्याकडे साधा पाइप आहे, खोबणीशिवायही चालेल. भरणीपट्टी आणि गोल कोपरे मात्र सोडू नका.

उन्हासाठी: साधी पॉलिएस्टर फिल्म नको. अतिनील किरणांनी ती ठिसूळ होते आणि कडेपासून तडकते. बाहेरच्या वापरासाठी मुद्दाम स्थिर केलेली, अतिनील-रोधक हार्डकोटची पॉलिएस्टर मिळते, ती मागा. साधं पॉलिकार्बोनेटही पिवळं पडतं.

---

पत्राकाम

पंपाला कीपॅड लागतोच का, हे आधी बघा. चालू-बंद, ऑटो-मॅन्युअल निवडीचा स्विच आणि तीन दिवे एवढंच असेल तर फिल्म पूर्ण टाळा. २ मिमी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची नावपट्टी आणि २२ मिमी बटणं लावा.

बाहेर ॲनोडायझिंगची जाडी २० ते २५ मायक्रॉन हवी, आतल्या खोलीत १० पुरते. अक्षरं ॲनोडायझिंगच्या छिद्रांत भरून वरून छिद्रं बंद केलेली मागा, म्हणजे ती थरावर नसून थराच्या आत असतात, खरवडूनही निघत नाहीत. रंगीत सेंद्रिय डाय उन्हात उडतात, लाल आणि निळा आधी. काळा हवा असेल तर विजेच्या प्रक्रियेने भरलेला घ्या, तो टिकतो.

ॲनोडायझिंग वीज वाहू देत नाही, हे अर्थिंग करताना लक्षात ठेवा. बोल्टखाली दातेरी वॉशर घाला किंवा तेवढा भाग घासून धातू उघडा करा. स्टेनलेसच्या दारालाही हिरवी-पिवळी लवचीक तार हवीच. बिजागरीवर अर्थिंगसाठी विसंबायचं नाही.

ॲक्रिलिकची शीट कुणी सुचवली तर तिथे घेऊ नका. दिसायला सुरेख आणि उन्हालाही चांगली टिकते, पण लेसरने कापलेल्या कडांत ताण राहिलेला असतो. कुणी अल्कोहोलने पुसलं की त्या कडांवर केसासारख्या तडा उमटतात. शिवाय ती उष्णतेने धातूच्या जवळपास तिप्पट फुगते. ३०० मिमी लांबीला ४० अंशांच्या फरकाने ॲल्युमिनियम ०.३ मिमीच्या आत वाढतं, ॲक्रिलिक ०.८ मिमीच्या वर. भोकं स्क्रूच्या मापाची ठेवली तर स्क्रूपाशी तडकणार. भोक १ मिमी मोठं आणि खाली रुंद वॉशर, एवढं तरी करावं लागतं.

---

बावीस_मिमी

एक भर. प्लास्टिकच्या बॉक्सला किंवा प्लास्टिकच्या खिडकीला स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून थ्रेड लॉकिंगचं द्रव लावतात. पॉलिकार्बोनेट, एबीएस आणि ॲक्रिलिक तिन्ही त्याने तडकतात, आणि तडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो, तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही. तिथे स्प्रिंग वॉशर किंवा नायलॉन इन्सर्टचा नट.

दाराच्या गॅस्केटबद्दल कुणी लिहिलं नाही. धुलाई मशीनला ईपीडीएम रबर घ्या, गरम पाणी आणि कॉस्टिक दोन्ही सोसतं. पॉलियुरेथेन फोम गरम पाण्याने हळूहळू भुगा होतो. तेल उडणाऱ्या मशीनवर मात्र ईपीडीएम फुगतं, तिथे नायट्रिल.

बॉक्सचा वरचा पत्रा पुढे उतरता ठेवा आणि केबल ग्लँड खालूनच. आणि बॉक्स पूर्ण बंद करून निश्चिंत राहू नका. धुताना गरम बॉक्सवर थंड पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि बारीकशा फटीतूनही पाणी ओढून घेते. हवा जाऊ देणारा पण पाणी न जाऊ देणारा झिल्लीचा व्हेंट प्लग बाजूच्या पत्र्याला, खालच्या अंगाला लावा. सकाळच्या बाष्पासाठी आत छोटा हीटर, हायग्रोस्टॅटवर (हवेतला ओलावा वाढला की चालू करणारा स्विच). 'पुढे' बटणाच्या दुखण्याचं निम्मं औषध तिथेच आहे.

---

धुलाई_यंत्र

मग बनवणाऱ्याला हे लिहून देतोय, काही चुकत असेल तर सांगा:

दार एसएस ३१६, २ मिमी, ब्रश फिनिश. फिल्म हार्डकोट पॉलिएस्टर ०.२ मिमी, मागून छपाई, कडेने रेघेचा उठाव, खिडकी स्वच्छ आणि गोंदाविना. सहा बटणं २० मिमी, स्टेनलेस डोम १२ मिमी, ३४० ग्रॅम. चांदीवर कार्बन झाकथर, हवेच्या वाटा कडेला बंद, चारी बाजूंनी ६ मिमी भरणीपट्टी. मागचा गोंद ०.१३ मिमी ॲक्रिलिक. कोपरे ५ मिमी. टेल खालच्या बाजूने, २.५४ मिमी अंतराचा कनेक्टर. स्टार्ट-स्टॉपसाठी २२.३ मिमीची खाचेसह दोन भोकं, फिल्मला ३२ मिमी. ईपीडीएम गॅस्केट, व्हेंट प्लग.

---

सर्किट_टेल

दोन गोष्टी जोडा. स्थिर विजेसाठी फिल्म आणि सर्किट यांच्यामध्ये शील्डचा थर, आणि त्याचा वेगळा पट्टा टेलच्या शेजारून काढून थेट दाराच्या अर्थ स्टडला. शील्ड कीपॅड कार्डाच्या शून्य व्होल्टला जोडू नका, तसं केलं तर बोटावरची ठिणगी सरळ कार्डात जाते. हा थर आला की जाडीही थोडी वाढेल.

दुसरं, पूर्ण लॉट मागवण्याआधी दोन नमुने घ्या. एक पत्र्यावर चिकटवा, ७२ तास थांबा, मग तुमच्याच टाकीतलं गरम द्रावण त्यावर शिंपडून सुकू द्या. रोज दोनदा, आठवडाभर. सहाही बटणांचा रोध रोज सकाळी लिहून ठेवा. दुसरा नमुना बाजूला कोरा ठेवा, खिडकीचा धुरकटपणा शेजारी शेजारी धरूनच कळतो.

टेल खालून काढताय ते ठीक, पण कनेक्टरच्या आधी टेलला एक वळसा खाली लोंबता ठेवा. पाणी आत आलंच तर थेंब त्या वळशावरून गळेल, कनेक्टरपर्यंत जाणार नाही.

---

धुलाई_यंत्र

शील्ड आणि वळसा दोन्ही आराखड्यात घातले. दोन नमुन्यांची ऑर्डर आधी देतो. आठवड्याचे रोधाचे आकडे आले की इथेच टाकतो.